दहाच्या आतली माणसे

कोणत्याही शहराच्या बाजारपेठेत नवे दुकान थाटणाऱ्या गृहस्थास, जागेचा करारनामा सहीशिक्क्यानिशी हाती पडल्यावर आणि सत्यनारायणाच्या पूजेचा दिवस मुक्रर होण्यापूर्वी, जो एक कागद पैदा करावा लागतो, त्यास महाराष्ट्रातील व्यापारी समाज आज कित्येक वर्षे ‘गुमास्ता’ एवढ्याच नावाने ओळखतो. बँकेत चालू खाते उघडावयाचे असो, कर्जासाठी अर्ज गुदरावयाचा असो, की कार्डाने पैसे घेण्याचे यंत्र मागवावयाचे असो, टेबलापलीकडच्या कारकुनाचा पहिला प्रश्न ‘गुमास्ता आणलाय का?’ हाच असतो, आणि तो आणलेला असला की पुढचे काम बहुधा विनासायास मार्गी लागते. चौकटीत बसवून, गल्ल्याच्या वरच्या अंगास, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी हा कागद टांगण्याची वहिवाट आहे. टांगणाऱ्याची, तो पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची आणि त्याची नक्कल मागणाऱ्या बँकेचीही अशी प्रामाणिक समजूत असते की, सरकारने या माणसास धंदा करण्याची मुभा दिली असल्याचा हा दाखला होय. ही समजूत साफ चुकीची आहे. खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना निराळा, औषधांचा निराळा, वस्तू व सेवा कराची नोंदणी आणखी निराळी. भिंतीवरचा हा कागद मजूरकायद्याचा आहे. ज्या अधिनियमाखाली तो मिळतो त्याच्या नावात दुकानांचा उल्लेख असला, तरी त्याचा खरा विषय दुकानात पगारावर राबणारा माणूस हा आहे: त्याने दिवसाकाठी किती तास काम करावे, जेवणास सुटी किती मिळावी, आठवड्यातून एक दिवस त्यास घरी राहता यावे की नाही, याचा विचार करण्यासाठी तो अधिनियम जन्मास आला. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या माणसाचे नाव त्या कागदावर कोठेही नसते.

लहान धंद्याची नोंदणी ही धंदेवाल्याच्या मानेवर ठेवलेली कटकट आहे आणि ती जितकी कमी होईल तितका उद्योगाचा उत्कर्ष होईल, हे मत गेल्या दहा वर्षांत मंत्रालयापासून मोहल्ल्यापर्यंत सर्वांनी निमूटपणे स्वीकारले आहे. त्यातील अर्धे मलाही मान्य आहे. कटकट होती, ती उद्वेगजनक होती आणि तिच्यापायी पुष्कळ खाबूगिरी पोसली गेली. परंतु ती दूर करताना कायद्याने नोकरासही दूर केले. आणि कोणास ठेवावे, कोणास वगळावे हे ठरविताना जी फूटपट्टी लावली ती नोकरांच्या संख्येची लावली. ही फूटपट्टी उलटी धरलेली आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

आपल्याकडे मजूरकायद्याचा जन्म गिरणीत झाला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक माणसे राबविणाऱ्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता आणि त्याचे मुख्य लक्ष तेथे काम करणाऱ्या मुलांकडे होते; प्रौढ मजुराच्या विश्रांतीची चिंता त्याने वाहिली नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वाहिली. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार करून त्यांनी रविवारच्या सुटीची मागणी पुढे ठेवली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली, हे आज शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. मला त्या घटनेतील एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, ती म्हणजे त्या सह्यांची संख्या. लोखंडे यांच्या मागे हजारो माणसे उभी राहू शकली याचे एक कारण त्यांची निष्ठा आणि वक्तृत्व हे होतेच. पण दुसरे कारण असे की ती माणसे भोंगा वाजताच एका दरवाजाने आत जात, एकाच दरवाजाने बाहेर पडत, एकाच चाळीत राहत आणि एकाच मालकाविरुद्ध तक्रार करीत. भुसारी दुकानातल्या दोन नोकरांनी सभा भरवावी कोठे, आणि अर्जावर सह्या घ्याव्यात कोणाच्या? शेजारच्या कापडवाल्याकडील नोकराचा मालक निराळा, पगार निराळा, गावही बहुधा निराळे. आणि स्वतःच्या मालकाशी तर त्याचे नाते असे की सकाळी चहा दोघांनी एकाच किटलीतून घ्यायचा आणि दुपारी रजा मागायची म्हटले की जीभ टाळूस चिकटायची. मोठ्या कारखान्यातील मजुरास मालक दिसतच नाही, म्हणून तो त्याच्याशी भांडू शकतो. लहान दुकानातील नोकरास मालक आठही प्रहर दिसतो.

ही अडचण ओळखूनच दुकानांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. इंग्लंडात १८८६ पासून दुकानांतील कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा पडू लागली होती आणि १९११ मध्ये तेथील दुकाननोकरांस आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली. आपल्याकडे, बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर असताना, १९३९ साली दुकाने व संस्था यांविषयीचा कायदा संमत झाला. हिंदुस्थानातील या जातीचा तो पहिला कायदा होय. गंमत अशी की याच मंत्रिमंडळाने आदल्या वर्षी आणलेल्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि साम्यवाद्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप घडवून आणला होता. ज्या सरकारने संघटित मजुराचा रोष ओढवून घेतला, त्यानेच असंघटित नोकराची दखल प्रथम घेतली, हा योगायोग चळवळीच्या इतिहासकारांनी अधिक बारकाईने तपासावा असा आहे.

पुढे १९४८ साली त्या कायद्याच्या जागी अधिक विस्तृत असा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम आला, आणि सुमारे सत्तर वर्षे तोच या राज्याच्या बाजारपेठांवर अंमल करीत राहिला. त्याची भाषा क्लिष्ट होती, फर्मानी थाटाची होती. पण त्याने एक गोष्ट मनापासून केली होती: नोकर किती आहेत हे विचारून त्याने कोणास दाराबाहेर ठेवले नव्हते. ज्या दुकानात मालक एकटाच बसतो त्यानेही नोंद करावी, ज्याच्याकडे एक पोऱ्या आहे त्यानेही करावी आणि ज्याच्याकडे शंभर कारकून आहेत त्यानेही करावी. दिवसास नऊ आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेऊ नये. सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी. वर्षात २४० दिवस भरलेल्या नोकरास एकवीस दिवसांची भरपगारी रजा मिळावी. आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसास काढून टाकावयाचे झाल्यास तीस दिवसांची आगाऊ सूचना द्यावी. ही शेवटची तरतूद आज कोणाच्या फारशी स्मरणात नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ या तीन शब्दी न्यायाची ज्या व्यवसायात सर्रास चलती होती, त्यात एका महिन्याची मुदत बंधनकारक करणे ही लहान गोष्ट नव्हती.

या कायद्याचा अंमल कसा झाला, याविषयी मात्र कोणी भाबडेपणा बाळगू नये. जुन्या कायद्याप्रमाणे दुकाने रात्री साडेआठला बंद व्हावयाची; म्हणजे साडेआठला फळ्या लागत किंवा शटर कमरेपर्यंत खाली येई, रस्त्यावरून जाणाऱ्यास दुकान बंद दिसे, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून पाहिले तर आत दिव्याच्या उजेडात नोकर ठाण मोजून घड्या घालताना, पोती सरकवताना दिसत; ते दहा वाजेपर्यंत सुटत नसत. हजेरीपत्रक ठेवणे सक्तीचे होते, तेव्हा ते ठेवले जाई. पण महिनाभराच्या हजेऱ्या एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेल्या असत, येण्याची वेळ रोज नऊ आणि जाण्याची रोज सहा, मध्ये ना पावसाळा ना दिवाळी, जादा कामाचा रकाना वर्षानुवर्षे कोरा. शॉप इन्स्पेक्टर येणार याची वर्दी त्याच्या आधी गल्लीत पोहोचे. तो आला की व्हिजिट बुक पुढे ठेवले जाई, चहा सांगितला जाई, क्वचित शेरा पडे आणि बहुधा पडत नसे. ज्या दुकानात खरोखरच चार माणसांना चौदा तास उभे केले जाई तेथे तो का पडला नाही आणि ज्या दुकानात फक्त दरपत्रक वाकडे टांगले होते तेथे का पडला, याची कारणे बाजारास ठाऊक असत. लहान व्यापाऱ्याच्या मनात कायद्याविषयी जी चीड साठली तिचे मूळ या व्यवहारात आहे. त्यास कायदा कधी भेटलाच नाही, त्यास फक्त इन्स्पेक्टर भेटला.

तरीसुद्धा या सडक्या अंमलाखाली एक उपयुक्त गोष्ट टिकून होती. काढून टाकलेल्या, पगार अडकवलेल्या नोकरास कोणीतरी सांगे की, अमक्या ठिकाणी जाऊन तक्रार कर, तो जाई, आणि तेथे त्या दुकानाची एक नोंद, एक क्रमांक आणि त्यास लागू होणारे एक कलम दफ्तरात अस्तित्वात असे. त्यातून न्याय मिळेच असे नाही. पण तक्रार ऐकणारा ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे म्हणू शकत नसे. हे पाऊल किती मोलाचे आहे, हे ज्याने एखाद्या कचेरीत आपले प्रकरण कोणत्या टेबलाचे म्हणून दिवस दिवस घालविले असेल त्यासच कळेल.

१९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा अधिनियम लागू झाला. त्याचे पूर्ण नावच सांगते की तो नोकरीचे आणि सेवेच्या शर्तींचे विनियमन करू पाहतो. त्यातील चांगले निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येईल, पण प्रत्येक कामगारास आठवड्यातून सलग चोवीस तास मोकळे मिळाले पाहिजेत, ही तरतूद शहाणपणाची आहे. कारण सुटी दुकानाची नसून माणसाची आहे, हे तत्त्व तिने स्पष्ट केले. जादा कामास दुप्पट दराने मजुरी, आठ दिवसांची नैमित्तिक रजा, वर्षास आठ भरपगारी सण, पन्नास किंवा अधिक कामगार असल्यास पाळणाघर, रात्रपाळीतील स्त्रियांसाठी संमतीची आणि सुरक्षिततेची अट: हे सारे योग्य झाले. इन्स्पेक्टरचे नामकरण ‘सुविधाकार’ असे झाले. नाव बदलल्याने हात बदलतात की नाही हे काळ ठरवील, पण कोणत्या दुकानाची तपासणी व्हावी हे संगणकाने ठरवावे, ही कल्पना तरी वाईट नव्हती.

आता यातील मेख. हा संपूर्ण अधिनियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला. दहापेक्षा कमी माणसे असलेल्यांस त्यातील एकच कलम लागू केले गेले, आणि ते काय सांगते? तर व्यवसाय सुरू झाल्यापासून साठ दिवसांच्या आत, ऑनलाइन, आपण व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी. बस्स. नूतनीकरण नाही, हजेरीपत्रक नाही, तपासणी नाही. ज्यास पूर्वी नोंदणीचा दाखला म्हणत त्याच्या जागी आता सूचनेची पोच मिळते, आणि बाजार तिलाही गुमास्ताच म्हणतो.

ती पोच कशी मिळते हे कोणत्याही कचेरीजवळच्या अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात उभे राहून पाहावे. मालक खुर्चीत, केंद्रवाला पडद्यासमोर. आधार, पॅन, विजेचे बिल, भाडेकरार, दुकानाच्या मराठी पाटीचा फोटो असे एकेक कागद मोबाइलवरून सरकत जातात. मग कामगारांचा रकाना येतो: पुरुष किती, स्त्रिया किती, इतर किती. मालक क्षणभर थांबतो. ‘किती टाकू, शेठ?’ ‘आहेत तीन.’ ‘शून्य टाकतो. पुढे लफडी नकोत.’ आणि ज्या सहजतेने पाटीचा फोटो चढविला गेला त्याच सहजतेने तीन माणसे उतरविली जातात. यात मालकाचा दुष्टपणा नाही, केंद्रवाल्याचाही नाही. दोघेही कायद्याचा रोख ओळखून वागत आहेत. कायद्यास त्या तीन माणसांशी काही कर्तव्य नसेल तर त्यांनी तरी ते का ठेवावे? रकान्यात शून्य लिहिले काय आणि तीन लिहिले काय, पुढे घडावयाचे काहीच नाही.

येथे कोणी म्हणेल की, मर्यादा कोठेतरी घालावीच लागते. दहा काय, पाच काय. आक्षेप रास्त आहे, म्हणून आकड्यांकडे पाहू. सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत काम करणारी माणसे भरली सुमारे १३.१३ कोटी, म्हणजे एका आस्थापनेमागे सरासरी सव्वादोन माणसे, आणि त्यांत मालक स्वतः व त्याचे घरचे लोकही आले. शेतीची कामे वगळून हा देश ज्या प्रमाणात उपजीविका करतो त्याचे हे चित्र आहे. अशा देशात दहाची रेघ ओढणे म्हणजे काही किरकोळ दुकाने वगळणे नव्हे, तर काही मोठी दुकाने निवडून बाकीचा बाजार सोडून देणे होय. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ही रेघ दहावरून वीसपर्यंत सरकवण्यास, शिवाय दैनंदिन कामाचे तास नवावरून दहा करण्यास मान्यता दिली, तेव्हा तिचा प्रवास कोणत्या दिशेने चालला आहे हेही कळून चुकले.

संख्येचा निकष कारखान्यास शोभतो. बाष्पयंत्र, पट्टे, धूर, गर्दी यांमुळे माणसे वाढतात तसा धोका वाढतो, म्हणून तेथे आकड्यास अर्थ आहे. दुकानात नेमके उलटे होते. मोठ्या मॉलमध्ये शेकडो विक्रेते असतात. त्यांच्या पगाराचा हिशेब संगणकावर असतो, ओळखपत्र गळ्यात असते, व्यवस्थापक स्वतःही पगारी असतो, आणि वेळ आली तर ते एकत्र येऊन काही बोलूही शकतात. दोन नोकरांच्या दुकानात यांपैकी काहीही नसते. पगार रोख, करार तोंडी, रजा मर्जीवर, काढून टाकणे क्षणाचे काम. ज्यांस संघटना करणे शक्य आहे त्यांस कायद्याचे छत्र द्यावयाचे, आणि ज्यांस संघटना करणे कधीच शक्य नाही त्यांस सांगावयाचे की तुम्ही संख्येने थोडे आहात म्हणून तुमच्यासाठी कायदा नाही, हा कोणता न्याय? लोखंड्यांना साडेपाच हजार सह्या मिळाल्या म्हणून गिरणीत सुटी आली, हे समजू शकते. ज्यांच्या सह्या कोणी गोळा करू शकणार नाही त्यांच्यासाठी कायदा स्वतःहून यावयास हवा होता, आणि १९३९ साली तो तसा आलाही होता.

सरकारला दहाच्या आतल्या दुकानांत अजिबात रस नाही असे मात्र म्हणता येत नाही. २०२२ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन प्रत्येक आस्थापनेची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावा, अशी सक्ती आली. आणि ती आवर्जून दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्यांसही लागू करण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांस पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाटीचा मी पक्षपाती आहे. या राज्यात दुकान मांडणाऱ्याने या राज्याच्या भाषेत आपले नाव लिहावे, यात अन्याय काही नाही. पण मग लहान दुकानात पाहणी करणे अशक्य आहे, लहान दुकानदारावर नियमांचा भार टाकता येत नाही, हा जो युक्तिवाद नोकराच्या बाबतीत ऐकविला जातो, तो अक्षरांच्या बाबतीत कोठे गेला? पाटीवरच्या अक्षराची उंची मोजण्यास माणूस मिळतो, पाटीखाली उभ्या असलेल्या पोऱ्याच्या कामाचे तास मोजण्यास मिळत नाही. एकाच अधिनियमात या दोन गोष्टी सुखेनैव नांदतात, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

निष्णात वकील येथे मला अडवतील आणि म्हणतील की, किमान वेतनाचा कायदा, व आता त्याच्या जागी आलेली वेतन संहिता, नोकरांची संख्या विचारीत नाही. किमान वेतन एका नोकरासही लागू आहे, आणि साप्ताहिक विश्रांतीची तरतूदही तिच्या पोटात आहे. मग एवढा आक्रोश कशासाठी? त्यांचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. परंतु भरपगारी वार्षिक रजा आणि काढून टाकण्यापूर्वीची सूचना, ज्या १९४८ च्या कायद्याने एकट्या नोकरासही दिल्या होत्या, त्या त्यात येत नाहीत. आणि जे हक्क येतात त्यांचे तरी काय? हक्क सांगण्यापूर्वी ‘मी येथे नोकर होतो’ हे सिद्ध करावे लागते. पगार रोख, नियुक्तीचा कागद नाही, हजेरीपत्रक ठेवलेले नाही, आणि मालकाने सरकारास दिलेल्या सूचनेत कामगारांचा आकडा शून्य. न्यायाच्या पायरीवर पोहोचण्यापूर्वीच त्याचे नोकरपण नाकारले जाते.

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे, म्हणजे नवा अधिनियम अंमलात येण्याच्या बरोबर आदल्या दिवशी, मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील एका फरसाणाच्या दुकानास आग लागली आणि आत झोपलेली बारा माणसे गेली. दिवसा जेथे राबायचे रात्री तेथेच झोपायचे, ही मुंबईतील खानावळी, मिठाईवाले, बेकऱ्या यांची जुनी रीत आहे. मालकास वाटते आपण निवाऱ्याची सोय करून दिली, नोकरास वाटते खोलीचे भाडे वाचले, आणि कामाचे तास कोठे संपतात हे दोघांसही सांगता येत नाही. त्या दिवशी जुना, सर्वांस लागू असणारा कायदाच अस्तित्वात होता आणि त्याने कोणास वाचविले नाही, हे मी विसरत नाही. नोंदवहीने आग विझत नाही. पण अशा प्रसंगी आत नेमके किती होते, कोण होते, कोणत्या गावचे होते, हे जेव्हा शेजाऱ्यांस विचारून ठरवावे लागते आणि मृताच्या बापास भरपाईसाठी प्रथम आपला मुलगा तेथे कामास होता याचा पुरावा जमवावा लागतो, तेव्हा नोंद ही धंदेवाल्याची कटकट आहे असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

व्यापाऱ्याची बाजूही कोणी आपुलकीने मांडत नाही. ती मांडली पाहिजे. गल्लीतला किराणावाला स्वतः सकाळी सातला दुकान उघडतो आणि रात्री दहाला बंद करतो. त्याची बायको दुपारी गल्ल्यावर बसते. मुलगा कॉलेजातून आला की उधारीची वही घेतो. त्याच्या नोकरास नऊ तास आणि त्यास स्वतःस पंधरा. समोरून मॉल आणि मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्या त्याचे गिऱ्हाईक खातात. त्यात दहाव्या माणसाची भीती वेगळीच. दहा माणसे झाली की २०१७ च्या रेघेप्रमाणे दुकाने अधिनियम पुरता लागू, राज्य कामगार विमा लागू, उपदान लागू, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे लागू. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. प्रत्येकाचा अर्ज निराळा, पोर्टल निराळे, मुदत निराळी, आणि प्रत्येकासाठी हिशेबनीसाची फी निराळी. मग नऊ माणसे एका नावावर, उरलेली भावाच्या नावावरच्या दुसऱ्या पेढीत, असा उद्योग सुरू होतो. दुकान एक, गोदाम एक, पगार वाटणारा हात एक. कागदावर दोन पेढ्या. मर्यादा वीस केली की हाच खेळ एकोणीसवर खेळला जाईल. रेघ ओढली की रेघेच्या अलीकडे गर्दी व्हावयाचीच. तिला हलवल्याने गर्दी फक्त सरकते.

माझे म्हणणे असे की, कर्तव्यांचा भार आणि नोंदीची व्याप्ती या दोन गोष्टी आपण एकात एक मिसळल्या आहेत. भार संख्येप्रमाणे कमीजास्त असावा, यास कोणाची हरकत नसावी. दोन नोकरांच्या दुकानदाराकडून पाळणाघराची किंवा उपाहारगृहाची अपेक्षा कोणी करू नये, त्याच्या दारी तपासनीस पाठवू नये, त्याच्याकडून विवरणपत्रे मागू नयेत. परंतु नोंद मात्र एका नोकरापासून असावी, आणि ती आकड्याची नसून नावाची असावी. त्यासाठी नव्या कचेऱ्या उघडाव्या लागत नाहीत. २६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम ही नोंदणी सुरू केली; तीत देशातील ३० कोटींहून अधिक माणसांनी आपली नावे दाखल केली असून प्रत्येकास बारा अंकी क्रमांक मिळाला आहे. म्हणजे आजची परिस्थिती अशी की, एका दफ्तरात कामगारांची नावे आहेत पण ते कोणाकडे काम करतात हे नाही, आणि दुसऱ्या दफ्तरात मालकांची नावे आहेत पण त्यांच्याकडे कोण काम करते हे नाही. दोन्ही दफ्तरे संगणकावर आहेत, दोन्ही आधार क्रमांकावर उभी आहेत, आणि दोघांची एकमेकांस ओळख नाही. दुकानदाराच्या सूचनेत आकड्याऐवजी प्रत्येक नोकराचा तो बारा अंकी क्रमांक आणि कामास लागल्याची तारीख एवढे दोन रकाने घातले, आणि ते भरताच नोकराच्या मोबाइलवर ‘अमुक दुकानात आपली नोंद झाली’ असा मराठी संदेश गेला, तर मालकाचे पाच मिनिटांचे काम वाढेल. इन्स्पेक्टरची पायरी चढावी लागणार नाही.

मालक खोटे लिहितील, शून्यच लिहितील, ही शंका मला कोणी सांगावयास नको. काही लिहितील. परंतु आज खोटे लिहिल्याने कोणाचे काही अडत नाही. उद्या नोकराजवळ संदेश नसेल तर ते त्यास त्याच दिवशी कळेल, आणि तक्रार करावयाची की नाही हे तरी त्याच्या हाती राहील. दिवाळीच्या पंधरवड्यापुरता ठेवलेला पोऱ्या, लग्नसराईत बोलावलेली जादा माणसे, यांचे काय, असेही विचारले जाईल. त्यांचीही नावे याच रीतीने घालता व काढता यावीत, संगणकास त्याचा त्रास होत नाही. राहता राहिला केंद्र आणि राज्य यांच्यातील हद्दीचा प्रश्न. ई-श्रम केंद्राचे, दुकाने अधिनियम राज्याचा, हे खरे; पण कामगारकल्याण हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तेव्हा दोघांनी एकमेकांचे दफ्तर पाहण्यास घटनेची आडकाठी नाही. सूचनेचा नमुना नियमांत दिलेला आहे, आणि नियम करण्याचा अधिकार अधिनियमाने राज्य शासनाकडे सोपविलेला आहे. त्या नमुन्यातील एक रकाना खोडून दोन घालण्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही, आणि मंत्रालयातील कोणत्याही अवर सचिवास हा मसुदा एका दुपारी तयार करता येईल.